तारेची गुणगुण

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

कोर्टात रोजनामा असतो. आरोपी हजर, वकील हजर, साक्षीदार गैरहजर, पुढील तारीख अमुक. न्यायाधीश दिवसभर घाबरलेली होती, हे लिहायला त्यात जागा नाही. म्हणून ही वही घेतली.

मी अंजना. वय एकतीस, गाव परभणी. दिवाणी न्यायाधीश आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही मीच. जूनपासून या जुन्नर भागात, पहिलीच नेमणूक. दोन वर्षं परिविक्षा आहे, म्हणजे वरचे 'ठीक आहे' असं लिहीपर्यंत नोकरी माझी असून माझी नाही. कुणाकडे चहाला जायचं नाही, कुणाच्या लग्नात जेवायचं नाही, पक्षकार रस्त्यात दिसला तर मान फिरवायची. आई फोनवर विचारते, तिथे बोलायला कोण आहे गं? मी म्हणते, दिवसभर माणसं माझ्यासमोर बोलतच असतात. खरं सांगायचं तर सुदर्शनभाऊ सोडले तर कुणी नाही. ते निवासस्थानावरचे शिपाई, मागच्या खोलीत राहतात.

घराला तिन्ही बाजूंनी ऊस आणि समोर लेण्याद्रीचा डोंगर. आज सकाळी पाण्याच्या टाकीशी बिबट्याचे ठसे निघाले. सुदर्शनभाऊंनी वीत लावून मोजले आणि म्हणाले, मादी दिसती, पिलंबी असत्याल. हे त्यांनी पाव्हण्यांची वार्ता द्यावी तसं सांगितलं. मी मात्र रात्री सगळ्या खिडक्या बंद करून जेवले.

७ ऑगस्ट, गुरुवार

साळुबाईच्या खटल्यात साक्ष सुरू झाली. जुना खटला, २०२२ चा. निमगाव सावाच्या बाजूला भरत नावाच्या शेतकऱ्याने भुईमुगाला रानडुकरं लागू नयेत म्हणून कुंपणाला तार ओढली होती. त्या तारेत घरच्या लाईनचा करंट सोडलेला होता. बांधावर गवत कापायला गेलेली साळुबाई तारेला चिकटून मेली. निष्काळजीपणाने मृत्यू, जास्तीत जास्त दोन वर्षं.

आज तिचा नवरा भागुजी बोलला. साठीचा, कोरडा माणूस. उलटतपासणीत वकिलाने त्याला विचारलं, आरोपीला करंटची माहिती होती असं कशावरून म्हणता? तो म्हणाला, "साहेब, अशी तार गुणगुणती. पावसाळी हवेत तर लांबनं आयकू येतं. आमच्या शेळ्या त्या बांधाला जात न्हवत्या. शेळीला कळतं ते मालकाला कळंना व्हय?"

मी ते जसंच्या तसं टंकलेखिकेला सांगितलं. साक्ष संपल्यावर तो घरी गेला नाही, शेवटच्या बाकावर टॉवेल मांडीवर घेऊन बसून राहिला. आरोपीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही, सारखा माझ्याकडे बघत होता. मला ते आवडलं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

वीज कंपनीच्या तंत्रज्ञाची साक्ष. चांगला बोलला, शाळेतल्या सरांसारखा. कुंपणाचं सौर झटका मशीन सेकंदाला एकदा टकटक करतं आणि माणसाला झटकून लांब फेकतं, त्याने कुणी मरत नाही. डायरेक्ट लाईन जोडली तर टकटक नसते. ती माणसाला धरून ठेवते. अशा माणसाला हात लावायचा नाही, आधी बटण, नाहीतर कोरड्या लाकडाने ढकलायचं. ओल्या खांबाशी बारीक आवाज येतो का, असं मीच विचारलं. तो म्हणाला, येतो.

भागुजी आजही बसलेला. पुढच्या तारखेला तो नसावा अशी मी मनातल्या मनात प्रार्थना केली. न्यायाधीशाने असली प्रार्थना करू नये, पण केली खरी.

१४ ऑगस्ट, गुरुवार

काल संध्याकाळी ती दिसली, बिबट्याची मादी. टाकीच्या पलीकडे, उसाच्या तोंडाशी बसलेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, हातात उलथनं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि उठून आत गेली, जशी काही मीच तिच्या दारात आले होते. मी पोळी तव्यावर जळू दिली.

बांधकाम खात्याला कंपाऊंडच्या भिंतीसाठी पत्र लिहिलंय, पण त्यांचं उत्तर येईपर्यंत माझी बदली होईल. सुदर्शनभाऊंनी आज त्यांच्या मेव्हण्याचं झटका मशीन आणलं. लाकडी खांब रोवले, घराभोवती तार ओढली, छपरावर छोटं पॅनल ठेवलं. टकटक सुरू झाली. किती दिवसांनी शांत झोप लागेल असं वाटतंय.

२० ऑगस्ट, बुधवार

पाच दिवस ऊन नाही. मशीन परवा मुकं झालं. सुदर्शनभाऊ म्हणाले, बॅटरी उतरली मॅडम, आता ऊन पडल्याशिवाय न्हाई. आणि आजच पलीकडच्या वस्तीवरनं बिबट्याने कालवड उचलून नेली. माझा ताबाच सुटला. मी म्हटलं, काय करायचं ते करा सुदर्शनभाऊ, पण दिवस मावळायच्या आत तार चालू पाहिजे.

ते जरा थांबले, डोकं खाजवलं आणि गेले. सहाला येऊन म्हणाले, चालू झाली, निर्धास्त ऱ्हावा. मागच्या दाराशेजारच्या बोर्डावरचं तिसरं बटण आता तारेचं आहे. सकाळी ते स्वतः बंद करणार, संध्याकाळी लावणार. तेवढं बाहेर जाताना आधी मला हाक मारत जा, असंही म्हणाले. किती काळजी करतात.

२३ ऑगस्ट, शनिवार

पाऊस भुरभुर. संध्याकाळी पोर्चमध्ये फाईल वाचत बसले होते. टकटक नाही हे तेव्हा लक्षात आलं. त्याऐवजी कोपऱ्यातल्या ओल्या खांबाशी बारीक गुणगुण येत होती, डब्यात भुंगा अडकल्यासारखी. मशीनची जात वेगळी असेल, किंवा रातकिडे. विचारावं म्हणून उठले होते, मग आईचा फोन आला आणि राहिलं.

३० ऑगस्ट, शनिवार

खांबाशी मुंगूस मरून पडलं होतं. सुदर्शनभाऊंनी मला बघू दिलं नाही, पोत्यात घालून पुरून आले. विषारी काहीतरी खाल्लं असंल, म्हणाले. आई म्हणते, मुंगूस दिसणं शुभ. मेलेलं दिसलं तर काय, ते तिने सांगितलं नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

आज भरतचा जबाब. पस्तिशीचा असेल, इस्त्रीचा शर्ट, हात सारखे पॅन्टला पुसत होता. त्याच्या कुंपणाचं झटका मशीन तेव्हा बंद पडलं होतं हे त्याला मान्य. लाईन डायरेक्ट जोडल्याचं मान्य नाही, ते म्हणे सालगडी गेणभाऊने केलं. गेणभाऊ गेल्या वर्षी काविळीने वारला. मेलेल्याच्या अंगावर ढकलणं किती सोपं असतं, तो काही उठून नाही म्हणत नाही.

भरतचं एक वाक्य मी अधोरेखित करून ठेवलंय. "मी त्याला एवढंच म्हनलं व्हतं, काय बी कर, पन डुकरं आत येता कामा न्हाईत. त्यानं काय केलं ते मला ठाऊक न्हवतं." म्हणजे काय बी करायची मोकळीक द्यायची आणि मग काय केलं ते बघायचं नाही. संतापच आला मला. चेहऱ्यावर दाखवला नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

फाटकाशी झोपणारं लंगडं कुत्रं दोन दिवस नाही. बिबट्यानेच नेलं, दुसरं काय. सुदर्शनभाऊंना विचारलं तर ते नुसते हो म्हणाले आणि झाडू घेऊन मागे गेले. आजकाल नजरेला नजर देत नाहीत. मी बजावलं, तार एक संध्याकाळसुद्धा बंद राहता कामा नये.

मला भीती वाटते. हे वाक्य मी कुणासमोर म्हणू शकत नाही, म्हणून इथे लिहिलं. बिबट्याची वाटते, भागुजीची वाटते, चुकीचा निकाल देण्याची वाटते. तिन्हींत कुठली मोठी ते सांगता येत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

युक्तिवाद संपला. निकालासाठी २३ तारीख दिली.

संध्याकाळी खिडकीतून पाहिलं तर भागुजी समोरच्या रस्त्यावर उभा. सायकल हातात, मान एका बाजूला कललेली, माझ्या कुंपणाकडे बघत. चांगली पाच मिनिटं होता. मी पडदा ओढला. त्याला माझं घर कुणी दाखवलं? बायको गेलेला माणूस काय करेल सांगता येत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज त्याने हद्द केली. फाटकाशी आला आणि सुदर्शनभाऊंना म्हणाला, बाईसाहेबांशी दोन शब्द बोलायचंय, तारेचं. निकाल अकरा दिवसांवर आलेला आणि हा माणूस न्यायाधीशाच्या घरी तारेचं बोलायला येतो. मी आतूनच निरोप दिला, पक्षकाराशी घरी बोलता येत नाही, काय असेल ते वकिलामार्फत. सुदर्शनभाऊंनी त्याला जवळजवळ ढकलतच घालवलं. जाताना तो काहीतरी बोलत होता, मी कानावर घेतलं नाही. नियम म्हणजे नियम.

१८ सप्टेंबर, गुरुवार

निकालपत्र जवळजवळ झालं. दोषी धरतेय, एक वर्ष साधी कैद. चार वेळा पुरावा वाचला. परिच्छेद सतरा माझा मलाच आवडला, इथे उतरवून ठेवते:

'स्वतःच्या कुंपणात वीजप्रवाह कोठून येतो हे मालकास ठाऊक नव्हते, हा बचाव सामान्य समजुतीस पटणारा नाही. यंत्र बंद होते हे त्यास ठाऊक होते. "काही कर" असे त्याने सांगितले होते. त्यानंतर तारेचा आवाज येत होता. ज्याला ठाऊक करून घ्यायचे नसते, त्यालाच ठाऊक नसते.'

शेवटचं वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं. वरच्या कोर्टातही टिकेल.

२० सप्टेंबर, शनिवार

उद्या सर्वपित्री. सुदर्शनभाऊ वडिलांचं पित्र घालायला आहुप्याला गेले. वर डोंगरात फोन लागत नाही, सोमवारी सकाळी येतील. जाताना दोनदा परत फिरले. "मॅडम, सकाळी सहाच्या आत तिसरं बटण बंद करा. द्रौपदाबाई दूध घेऊन यायच्या आधी. विसरू नका बरं का."

हो म्हटलं. आता निकालपत्रावरून शेवटचा हात फिरवायचाय.

२१ सप्टेंबर, रविवार

आज अक्षर वाचता येणार नाही, तरी लिहिते.

पावणेसहाला उठले. चहा ठेवला आणि टेबलावर निकालपत्र दिसलं, तर परिच्छेद सतरामध्ये एक स्वल्पविराम खटकला. बसले. बटण डोक्यात होतंही आणि नव्हतंही. किती वेळ गेला कळलं नाही.

मागून भांडं आपटल्याचा आवाज आला. द्रौपदाबाई फाटकाशी हाका मारून थकली असणार, म्हणून कुंपणाच्या बाजूने स्वयंपाकघराशी आली आणि दुधाची बरणी तारेवरून आत द्यायला लागली. स्टीलची बरणी तारेला टेकली होती. बाई उभ्याच्या उभी थरथरत होती, तोंडातून आवाज नाही. डोळे माझ्याकडे.

मी तिला धरायला धावले आणि दोन पावलांवर थांबले. तंत्रज्ञाचा आवाज कानात आला: हात लावायचा नाही. तिसरं बटण खाली केलं. ती चिखलात कोसळली. श्वास होता. मी फाटकाकडून वळसा घालून गेले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. वस्तीवरच्या लोकांनी जीपमध्ये घातलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, टायरच्या जाड चपला होत्या म्हणून वाचल्या. उजवा तळवा जळालाय, दोन बोटांचं सांगता येत नाही. शुद्धीवर आल्यावर तिने मला बघितलं आणि म्हणाली, "बाईसाहेब, दूध सांडलं ना?" मग मला रडताना पाहून म्हणाली, तुमाला काय ठावं, तुमी थोडंच केलं.

मी बाहेर बाकावर येऊन बसले. तुमाला काय ठावं. इतक्या मायेने मला कुणी कधी मारलं नव्हतं.

घरी आले तेव्हा बोर्डाचं झाकण उघडून पाहिलं. वायर सरळ घराच्या लाईनमधून. मशीनशी तिचा संबंधच नाही. पोलीस ठाण्यात फोन करून मीच खबर दिली. हवालदाराने तीनदा विचारलं, मॅडम, नक्की लिहून घ्यायचं का?

२२ सप्टेंबर, सोमवार

सुदर्शनभाऊ सकाळी आले. बातमी फाट्यावरच कळली होती. दारात उभे राहिले, आत येईनात. शेवटी बोलले. "मॅडम, मशीन चालंना. तुमीच म्हनला व्हता, काय करायचं ते करा. मी केलं. मुंगूस मेलं तवाच सांगायला पायजे व्हतं, पन तुमी लई भ्याला व्हता."

मग म्हणाले, जबाबात मी सांगतो की मीच जोडलं, मॅडमला ठाऊक न्हवतं. खोटं काय हाय त्यात?

खोटं काही नाही. तेच तर भयंकर आहे. ते म्हणतील तसं झालं तर माझी नोकरी राहते, त्यांची जाते, त्यांच्या घरची चूल विझते, आणि गेणभाऊ मेला म्हणून सुटला, हे मात्र जिवंतपणी अडकतात. मी त्यांना म्हटलं, जे झालं तेवढंच सांगा. माझं मी सांगेन.

दुपारी ही वही पहिल्यापासून वाचली. २० ऑगस्टला माझं वाक्य आहे. २३ ऑगस्टला गुणगुण आहे, माझ्याच अक्षरात. आईचा फोन तीन मिनिटांचा होता, मोबाईलमध्ये पाहिलं. त्यानंतर विचारायला अख्खा महिना होता. तार चालू आहे एवढं मला हवं होतं, कशी चालू आहे ते नको होतं. भरतने हेच केलं की नाही, मला माहीत नाही. मी केलं, ते माहीत आहे. परिच्छेद सतरा मी कुणावर लिहिला होता ते आता कळलं.

निकाल मी देऊ शकत नाही. त्याला सोडलं तर स्वतःला सोडल्यासारखं, शिक्षा दिली तर स्वतःची त्याच्या माथी मारल्यासारखं. प्रधान जिल्हा न्यायाधीशांना पत्र लिहिलं: खटला दुसऱ्या न्यायालयाकडे द्यावा, कारण पुढीलप्रमाणे. कारण लिहायला दोन पानं लागली. 'मला ठाऊक नव्हते' हे तीन शब्द तीनदा लिहिले आणि तीनदा खोडले.

आईला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, जेवलीस का?

२३ सप्टेंबर, मंगळवार

कोर्ट भरलेलं. भरत पिंजऱ्यात, शेवटच्या बाकावर भागुजी. मी सांगितलं की आज निकाल होणार नाही, खटला दुसरीकडे वर्ग करण्याची विनंती मी करते आहे, कारण माझ्या निवासस्थानी अशाच तारेने एक बाई जखमी झाली आहे आणि त्याला मी जबाबदार आहे. वकील एकमेकांकडे बघायला लागले. भरतने मान वर केली, पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि परत खाली घातली.

भागुजी उठला. सरकारी वकील त्याला बसवायला लागले, मी त्यांना थांबवलं. तो हात जोडून, अगदी हळू बोलला.

"बाईसाहेब, त्या दिशी मी तेच सांगाया आलतो. केसचं न्हवतं माझं काय. तुमची तार गुणगुणत व्हती, मला पार रस्त्यावर आयकू आली. साळूच्या वक्ताला मी बांधावर नव्हतो. म्हनलं, हितं तरी सांगावं." मग विचारलं, "तुमाला आत आयकू येत न्हवती का?"

महिनाभर मी या माणसाला घाबरत होते. माझ्या दाराशी माझ्याच भल्यासाठी आलेला तो एकच माणूस होता, आणि मी नियमाची कडी लावून घेतली होती.

उत्तर द्यायचं बंधन माझ्यावर नव्हतं. साक्षीदार तो, न्यायाधीश मी.

"येत होती," मी म्हटलं.

तो खाली बसला. टॉवेल तोंडाला लावला.

शिरस्तेदार माझ्याजवळ वाकून कुजबुजले, मॅडम, हे रोजनाम्यात घ्यायचं का? मी म्हटलं, घ्या. त्याचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं घ्या.

चौकशी होईल. परिविक्षेतल्या माणसाला काढून टाकायला एक ओळ पुरते. संध्याकाळी दवाखान्यात जाऊन आले, द्रौपदाबाईची करंगळी काढावी लागणार आहे. सुदर्शनभाऊंनी तार गुंडाळून व्हरांड्यात ठेवली आहे, पोलीस घेऊन जातील. उसाकडची बाजू आता उघडी आहे आणि मला भीती वाटते आहे, ती काही कमी झालेली नाही. खिडकी उघडी ठेवून बसले आहे. बाहेर कसलाही आवाज नाही.

पत्रासोबत जोडायच्या कागदांच्या यादीत मी ही वहीही लिहिली आहे. ४ ऑगस्टपासून आजपर्यंत, पानं एकूण चौतीस. उद्या सकाळी पाकीट बंद करून सुदर्शनभाऊंच्या हाती न देता मी स्वतः पोस्टात टाकणार आहे.